खर्डा आणि शैलकर्म : पहिल्या मसुद्याच्या धास्तीची मीमांसा

१

पदव्युत्तर वर्गाला ब्राह्मी लिपीचा प्रत्यक्ष परिचय करून देण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास दरवर्षी कार्ल्याच्या डोंगरावर जाण्याचा योग येतो. एका वर्षी चैत्यगृहाच्या ओसरीतील लेख वाचून झाल्यावर मंडळी पायऱ्या उतरू लागली, परंतु एक संशोधक विद्यार्थी मागे रेंगाळला. त्याच्या प्रबंधाची सामग्री दोन वर्षांपूर्वीच जमलेली होती, टिपणांची कार्डे विषयवार लावलेली होती, प्रकरणांची नावेही ठरलेली होती. लिहिला होता तो केवळ पहिला परिच्छेद. तो त्याने अकरा वेळा लिहिला होता आणि अकराही वेळा फाडून टाकला होता. आपली अडचण सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, पाया पक्का झाल्याशिवाय पुढे कसे जायचे?"

प्रश्न प्रामाणिक होता. तो ज्या ठिकाणी विचारला गेला ते ठिकाणही त्याच्या उत्तराला अनुकूल होते, कारण ज्या वास्तूत आम्ही उभे होतो तिला रूढ अर्थाने पायाच नव्हता. त्या वेळी जे उत्तर घाईने दिले ते येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचा विचार आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : पहिला मसुदा लिहिताना जी चालढकल होते ती पुष्कळदा आळसातून होत नाही; लेखनाच्या एका अवस्थेचे निकष चुकून दुसऱ्या अवस्थेला लावल्यामुळे होते. खर्डा ही निर्दोष प्रतीची निकृष्ट आवृत्ती नव्हे. तो निराळ्या जातीचा भाषाव्यवहार आहे आणि त्याची परीक्षा त्याच्याच नियमांनी व्हावयास हवी.

२

चालढकलीला आपल्या परंपरेत भारदस्त शब्द आहे तो 'दीर्घसूत्रीपणा' हा. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे मोजताना शेवटी 'दीर्घसूत्री' हे विशेषण येते. महाभारताच्या शांतिपर्वात तीन मत्स्यांची कथा आहे, तीत घाई करण्याचे कारण नाही असे म्हणत राहून जाळ्यात सापडणाऱ्या मत्स्याचे नावच दीर्घसूत्र आहे. पंचतंत्रात तोच 'यद्भविष्य' ह्या नावाने भेटतो. ह्या संदर्भांमुळे दीर्घसूत्री म्हणजे आळशी असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. विद्यार्थी स्वतःलाही तेच दूषण देतो आणि त्यामुळे अधिकच खचतो.

परंतु गीतेतील यादी बारकाईने पाहिली तर हे समीकरण टिकत नाही. 'अलस' हे लक्षण त्याच श्लोकात स्वतंत्रपणे मोजलेले आहे. ज्या अर्थी दोन शब्द योजले, त्या अर्थी दोन गोष्टी अभिप्रेत आहेत. इतकेच नव्हे, तर 'दीर्घसूत्री'च्या लगत अगोदर येतो तो 'विषादी' हा शब्द. ही जवळीक हेतुपूर्वक असो वा नसो, अनुभवाला ती पटते. पहिला परिच्छेद अकरा वेळा लिहिणारा मनुष्य आळशी कसा म्हणता येईल? त्याने श्रम केले आहेत, किंबहुना जरुरीपेक्षा अधिक केले आहेत. त्याचे सूत्र लांबते, कारण ते एकाच जागी पुनःपुन्हा उसवले जाते.

आधुनिक निरीक्षणांचा कौलही असाच आहे. माइक रोझ ह्या अमेरिकन अभ्यासकाने लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील दहा विद्यार्थ्यांच्या लेखनपद्धतीचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच लेखनात अडून बसणारे होते आणि पाच सहज लिहिणारे. अडणाऱ्यांपाशी बुद्धीची वा भाषेची उणीव नव्हती. त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले नियम मात्र ताठर होते. त्यांतील एक विद्यार्थिनी पहिल्याच परिच्छेदावर तासन्‌तास घालवीत असे. एक वाक्य लिही, ते खोड, दुसरे लिही, त्याचाही अर्धा भाग खोड, असा तिचा क्रम. म्हणजे कार्ल्याच्या ओसरीत भेटलेला विद्यार्थी एकटा नव्हता.

३

आता कार्ल्याकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. अशी शैलगृहे सामान्यतः वरून खाली कोरीत नेली जात. बांधकामात पाया अगोदर आणि छप्पर शेवटी. शैलकर्मात छत अगोदर आणि जमीन शेवटी. छताचे काम हाती असताना कारागीर ज्या दगडावर उभा असतो तोच पुढे काढून टाकावयाचा असतो. दगड खाली गेला की छतापर्यंत हात पोचत नाही, म्हणून वरचा भाग तेव्हाच पुरा करून घ्यावा लागतो. शिवाय येथे चुकीला क्षमा नाही. एकदा उडालेली कपची पुन्हा जोडता येत नाही. अशा कामात प्रत्येक घावापूर्वी थांबणे हाच विवेक होय.

पहिला परिच्छेद निर्दोष झाल्यावाचून दुसऱ्याला हात न लावणारा लेखक नेमके हेच शैलकर्म कागदावर करीत असतो. खालची जमीन अजून अस्तित्वात नाही, पण छताची घोटाई चालू आहे. त्याची शिस्त खोटी नाही. ती दुसऱ्या माध्यमाची आहे. कागदावर मागे जाता येते, पुसता येते, मधे घालता येते, पहिला परिच्छेद शेवटी लिहिता येतो. प्रबंधाचा प्रास्ताविक परिच्छेद बहुधा शेवटीच नीट लिहिता येतो, कारण आपण कशाचे प्रास्ताविक करीत आहोत हे तोपर्यंत लेखकालाच ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्याच चैत्यगृहातील पुष्कळ स्तंभांवर निरनिराळ्या दात्यांचे लेख आहेत. धेनुकाकट येथील यवनांची नावेही त्यांत आढळतात. म्हणजे आज जे काम एकसंध भासते त्याचा भार पुष्कळांनी स्तंभागणिक वाटून उचलला होता. ज्या माध्यमात चुकीला क्षमा नाही तेथेही संपूर्ण कृतीचा भार कोणी एकदम डोक्यावर घेतला नव्हता.

४

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू भाषेच्या अभ्यासकाला विशेष जवळची आहे. पहिल्या लेखनासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांची छाननी उद्बोधक ठरते. 'खर्डा' हा शब्द 'खरडणे' ह्या क्रियापदाशी निगडित आहे. त्यात सुबकपणाची अपेक्षाच नाही. 'मसुदा' हा अरबी 'मुसव्वदा' ह्या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी काळेपणाचा अर्थ आहे. मसुदा म्हणजे काळा केलेला कागद. अरबीत त्याच्या जोडीला स्वच्छ प्रतीसाठी 'मुबय्यदा' म्हणजे पांढरी केलेली, असा शब्द आहे. आपण ह्या जोडीतील पहिला शब्द घेतला आणि दुसरा सोडला. पुढे 'कागद काळे करणे' हा वाक्प्रचार आपण निरर्थक लेखनाला लावू लागलो आणि 'खर्डेघाशी' हा शब्द तर तुच्छतादर्शकच झाला. खर्ड्याविषयीची आपली लाज अशी भाषेत मुरलेली आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता कागद काळा करणे हे मसुद्याचे व्यंग ठरत नाही; ती त्याची व्याख्याच आहे.

लिपीच्या इतिहासातही ह्या दोन अवस्थांसारखाच एक भेद आढळतो. मराठीला शतकानुशतके दोन लिप्या होत्या. पोथी बाळबोधीत लिहावयाची आणि दफ्तराचा, पत्रव्यवहाराचा, हिशेबाचा मजकूर मोडीत. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. बोरू शक्य तितका कमी उचलावयाचा हा त्या लिपीचा धर्म. मोडीत सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद केला जात नसे. त्यामुळे वेलांटी पहिली की दुसरी ह्या प्रश्नाशी मोडी लिहिणाऱ्याचा हात अडत नसे. ह्याचा अर्थ मोडी लिहिणारे अशिक्षित होते असा नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांवर अवघ्या मराठेशाहीचा कारभार चालला. गतीचे काम आणि शुद्धतेचे काम ह्यांत त्या काळी भेद केला जात असे, इतकाच ह्याचा अर्थ. मोडी प्रचारातून गेली हे मुद्रणाच्या युगात अपरिहार्य होते; परंतु तिच्याबरोबर शुद्धतेची चिंता क्षणभर बाजूस ठेवून लिहीत जाण्याची मोकळीकही आपण गमावली की काय, अशी शंका येते. आज विद्यार्थी पहिले अक्षरच बाळबोधीत काढतो. तेही संगणकाच्या पडद्यावर काढतो, जेथे कच्चा मजकूरसुद्धा छापील पुस्तकासारखा दिसतो आणि म्हणून पुस्तकाच्याच निकषांनी तपासला जातो.

५

लिहिणारा आणि पारखणारा असे दोघे आपल्यातच नांदत असतात. बोलताना त्यांची भांडणे होत नाहीत. विलेम लेव्हेल्ट ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या भाषणव्यापाराच्या मीमांसेत वक्त्याच्या ठिकाणी एक देखरेख करणारी यंत्रणा मानली आहे. वक्ता स्वतःचे बोलणे ऐकतो, चूक आढळली की थांबतो, दुरुस्त करतो आणि पुढे जातो. श्रोत्याला त्यात काही वावगे वाटत नाही. लिहिताना मात्र तीच यंत्रणा, उच्चार होण्याआधीच, वाक्याचा गळा धरते.

ह्या दोघांना वेगळे केल्याने काय साधते ह्याचे एक उदाहरण मावळातच आहे. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर आणि सुदुंबरे येथील संताजी जगनाडे ह्यांची समाधी ही दोन्ही स्थाने ह्याच तालुक्यातील. तुकोबांच्या अभंगांच्या लेखकांमध्ये परंपरा दोन नावे प्रामुख्याने घेते : संताजी तेली जगनाडे आणि गंगाजी मवाळ. कीर्तनात अभंग आवाजात उभा राही आणि वहीत तो उतरे टाळकऱ्याच्या हातून. वि. ल. भावे ह्यांनी जगनाड्यांच्या वह्यांच्या आधारे १९१९-२० मध्ये 'अस्सल गाथा' प्रसिद्ध केली, तेव्हा 'अस्सल' ह्या विशेषणाचा रोख ह्याच निकटतेकडे होता. त्या काळच्या हस्तलिखितांत शब्द सुटे लिहिलेले नसत आणि ऱ्हस्व-दीर्घांत एकवाक्यता नसे. आजच्या शालेय निकषाने त्यांतील पानेच्या पाने नापास होतील. परंतु भाषाभ्यासकाला तीच अमोल वाटतात, कारण उच्चाराचे जिवंतपण त्यांत टिकून राहिले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तुकोबांनी सहज गायिले म्हणून आपणही सहज लिहावे, असा निष्कर्ष काढणे बालिशपणाचे होईल. सहजतेच्या मागे किती घडण होती हे आपल्याला वहीत दिसत नाही. शिवाय लिंडा फ्लॉवर व जॉन हेज ह्यांनी १९८१ साली मांडलेल्या विवेचनानुसार योजना, शब्दांकन आणि पुनरवलोकन ह्या लेखनाच्या तीन क्रिया एकामागून एक न येता परस्परांत मिसळलेल्या असतात. तेव्हा पारखणाऱ्याला पूर्णपणे हाकलून देणे शक्य नाही आणि इष्टही नाही. त्याला केव्हा बोलावयास सांगावे एवढेच आपल्या हाती आहे. कीर्तनात जे काम दोन माणसांत वाटले गेले ते एकाकी लेखकाला दोन वेळांत वाटून घ्यावे लागते.

६

ह्यावर असा आक्षेप येईल की शास्त्रीय लेखनाला ही मोकळीक परवडणारी नाही. तेथे अचूकता हीच नीती होय. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा पुण्यातीलच एका कार्याच्या इतिहासाने दिलेले बरे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. पाठचिकित्सेत अचूकतेचा इतका कडक आग्रह आपल्याकडे क्वचितच कोणी धरला असेल. तरीही ह्या कार्याचे पहिले दृश्य फळ कोणते? नारायण बापूजी उटगीकर ह्यांनी संपादित केलेली विराटपर्वाची 'तात्पुरती' आवृत्ती. ती १९२३ साली मुद्दाम विद्वानांच्या अभिप्रायासाठी काढण्यात आली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांच्याकडे सूत्रे आल्यावर आदिपर्वाचे काम नव्या पायावर सुरू झाले, त्याचा पहिला भाग १९२७ साली निघाला आणि विराटपर्वाची चिकित्सक आवृत्तीही पुढे १९३६ साली रघुवीर ह्यांच्या संपादनाखाली स्वतंत्रपणे सिद्ध झाली. म्हणून १९२३ चा खर्डा वाया गेला काय? मुळीच नाही. काय कसे करावयास हवे हे कळण्यासाठी तो लागत होता. अचूकतेच्या मंदिराची पहिली पायरी 'तात्पुरती' अशीच होती आणि तसे मुखपृष्ठावर म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

दुसरे उदाहरण लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याचे. विषय त्यांच्या मनात वर्षानुवर्षे घोळत होता. खर्डा झाला तो मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत. सुटे कागद मिळत नसत. पृष्ठांक घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिली एवढीच साधने. ज्या वहीचे पान फाडता येत नाही तीत मनुष्य पुढेच जातो. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१५ साली. खर्डा आणि ग्रंथ ह्यांमध्ये चार वर्षे गेली, ह्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. खर्डा झपाट्याने झाला, ग्रंथ नव्हे.

७

येथपर्यंत इतरांविषयी लिहिले. एक गोष्ट स्वतःविषयी लिहिणे प्रामाणिकपणाला धरून होईल.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पवनेच्या खोऱ्यातील भातशेतीची शब्दावली गोळा केली होती. खाचर, चिखलणी, आवणी, इर्जिक असे पुष्कळ शब्द एका वृद्ध शेतकरी बाईंकडून मिळाले. रोपासाठी जमीन भाजण्याच्या संदर्भात त्या कधी 'दाढ' म्हणत, कधी 'राब'. हा भेद अर्थाचा की माहेर-सासरच्या बोलींचा, असे प्रश्नचिन्ह वहीत घालून ठेवले. लेख लिहावयाचा होता. परंतु स्वरांचे लिप्यंकन पूर्ण समाधानकारक झाल्याखेरीज एक ओळही लिहावयाची नाही, असा निश्चय होता. लिप्यंकनाची पद्धत तीन वेळा बदलली. लेख लिहिला असता तर त्या एका शंकेपाशी लेखणी अडली असती आणि दुसऱ्याच दिवशी बाईंच्या अंगणात जाऊन विचारता आले असते. लेख लिहिला नाही, म्हणून शंका तीव्र झाली नाही. शंका तीव्र झाली नाही, म्हणून जाणे झाले नाही. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा त्यांच्या नातवाने ओटीवर बसवून पाणी दिले आणि म्हणाला, "आजी गेली की, मागच्या आखाडात."

ते प्रश्नचिन्ह आजही वहीत आहे. स्वरांचे लिप्यंकन मात्र आता निर्दोष आहे.

ह्या अनुभवाने एक गोष्ट पक्की शिकविली. खर्डा जे ज्ञात आहे ते मांडण्याचे साधन आहेच, पण काय अज्ञात आहे हे वेळीच कळण्याचे तो त्याहून मोठे साधन आहे. कार्डे लावून ठेवलेली असतात तोवर सर्व काही जमल्यासारखे वाटते. वाक्य लिहू लागताच 'म्हणून' आणि 'परंतु' ह्या अव्ययांपाशी पोकळी दिसू लागते. बोलीच्या अभ्यासात, मौखिक परंपरेच्या अभ्यासात आणि जेथे जेथे माणसे हीच साधने आहेत तेथे ही पोकळी उशिरा दिसणे म्हणजे ती कायमची राहणे होय. परिपूर्णतेचा हट्ट ज्या अचूकतेसाठी धरावयाचा, तिचाच त्यामुळे घात होतो.

८

व्यवहारात ह्यातून काय निष्पन्न होते? विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी चार सूचना करतो. एक : खर्डा लिहिताना ग्रंथ व कार्डे मिटून ठेवावीत. जेथे संदर्भ, वर्ष वा उदाहरण आठवणार नाही तेथे चौकट काढून ती मोकळी सोडावी आणि पुढे जावे. मोकळी चौकट ही लाजेची गोष्ट नसून उद्याच्या कामाची यादी आहे. दोन : खोडावयाचे ते एका रेघेने खोडावे, फाडू नये, संगणकावर लिहिणाऱ्याने त्या दिवसापुरते मागे जाऊन पुसू नये. तीन : लिहिण्याची वेळ आणि तपासण्याची वेळ ह्यांमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी, आणि तपासताना मजकूर मोठ्याने वाचावा, डोळ्याला न दिसणारी गाठ जिभेला लागते. चार : पूर्ण झालेला खर्डा, तो कितीही ओबडधोबड असो, एका जाणत्या वाचकाला ठरल्या दिवशी द्यावा. ह्या चौथ्या सूचनेत अध्यापकांवरही एक जबाबदारी येते. जो मार्गदर्शक खर्ड्यातील वेलांट्या प्रथम तपासतो तो विद्यार्थ्याला पुढच्या खेपेस खर्डा न दाखविण्याचेच शिक्षण देतो. पहिल्या वाचनात युक्तिवाद पाहावा, शेवटच्या वाचनात शुद्धलेखन. दोन्ही पाहावे, पण क्रमाने.

त्या दिवशी कार्ल्याच्या ओसरीत विद्यार्थ्याला ह्यांतील फारच थोडे सांगता आले. नुकताच वर्गात वाचलेला एक लेख त्याला पुन्हा वाचावयास सांगितला. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, अशा आशयाचा तो प्राकृत लेख आहे. त्यातील शब्दक्रम पाहा, असे म्हटले. त्याने बोटाने अक्षरे लावीत लेख वाचला, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "'परिनिठापित' आधी आहे, सर. 'उतम' नंतर." पुढच्या महिन्यात त्याने पहिल्या नव्हे, तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा आणून दिला. त्यात सतरा चौकटी मोकळ्या होत्या.